मिरजेची गाडी, ससूनमधला कंदील आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावरचे संगीत

१/
सांगोला हे नाव इतिहासाच्या मराठी वाचकाला १७५० सालच्या करारामुळे ठाऊक असते. छत्रपती रामराजे आणि नानासाहेब पेशवे यांच्यातील त्या कराराने राज्यकारभाराची सूत्रे साताऱ्याहून पुण्याकडे गेली. त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी, १९२७ साली, याच सांगोल्यावरून मिरजेपर्यंत रेल्वे धावू लागली. या थ्रेडचा विषय त्या रेल्वेच्या दोन टोकांशी जोडलेला आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाची भीती आणि वेदना संगीताने कमी होतात का, आणि हा प्रश्न वैद्यकापुढे कसा आला?

२/
तो मार्ग बार्शी लाइट रेल्वेचा, अरुंद रुळांचा. १८९७ साली बार्शी, १९०६ साली पंढरपूर, १९११ साली लातूर आणि १९२७ साली मिरज अशी त्याची वाढ झाली. सांगोला हे पंढरपूर आणि मिरज यांच्या मधले स्थानक. एका टोकाला टाळ, मृदंग आणि वीणेचे गाव. दुसऱ्या टोकाला मिरज, जी दोन गोष्टींसाठी दूरवर ओळखली जाई: मिशनचा दवाखाना आणि तंतुवाद्ये. माणदेशच्या कोरड्या पट्ट्यातील माणसाला एका दिशेला भजन होते आणि दुसऱ्या दिशेला शल्यचिकित्सक.

३/
समाजमाध्यमांवर एक दावा वारंवार फिरतो: प्राचीन भारतात अमुक राग गाऊन शस्त्रक्रिया होत, तमुक रागाने तमुक रोग बरा होई. मूळ ग्रंथ उघडले की चित्र वेगळे दिसते. ते या दाव्यापेक्षा साधे आहे, आणि अधिक विचार करण्याजोगेही. म्हणून सुरुवात ग्रंथांपासूनच करणे योग्य.

४/
सुश्रुतसंहिता हा शल्यतंत्राचा ग्रंथ. वेदना सोसू न शकणाऱ्या रुग्णाला शस्त्रकर्मापूर्वी तीक्ष्ण मद्य पाजावे, असे सुश्रुत सांगतो. रागांचा तेथे उल्लेख नाही. मात्र शस्त्रकर्मानंतर जखमी माणसाने कसे राहावे, याचा एक स्वतंत्र अध्याय आहे. जखमेची निगा आणि पथ्य यांच्याबरोबर तेथे आणखी एक सूचना येते: जवळच्या, प्रिय बोलणाऱ्या सुहृदांनी त्याच्या भोवती असावे आणि गोष्टी सांगून त्याचे मन वेदनेवरून वळवावे. वेदनेत मनाचा वाटा असतो, ही जाण त्या सूचनेमागे आहे.

५/
चरकसंहितेत संगीत स्पष्टपणे येते. सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात वमन-विरेचनासारख्या शोधनकर्मापूर्वी काय सिद्धता करावी, याची मोठी यादी आहे. घर वाऱ्याने न झोडपले जाणारे, पण हवेशीर असावे. धूर, ऊन आणि धूळ यांपासून ते दूर असावे. सेवक शुद्ध, दक्ष आणि प्रेमळ असावेत. आणि त्याच यादीत गाणे, वाद्यवादन, श्लोक, गाथा आणि आख्यायिका यांत कुशल माणसे ठेवावीत, असेही सांगितले आहे. भांडी, औषधे आणि अंथरूण यांच्या रांगेतच गायक बसवलेला आहे. तो चमत्कार करणारा नव्हे. दवाखान्याच्या व्यवस्थेचा तो एक भाग आहे.

६/
तिसरा ग्रंथ महाराष्ट्राच्या भूमीवर लिहिला गेला. देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरी, तेराव्या शतकात, शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्याचे घराणे मूळ काश्मीरचे. तो राजाच्या दरबारात लेखाधिकारी होता आणि वैद्यही होता. पंढरपूरच्या देवळातील शिलालेख ज्या राजवंशाची आठवण ठेवतात, तोच हा राजवंश. म्हणजे सांगोल्याच्या परिसरावर ज्यांचे राज्य होते, त्यांच्याच दरबारात भारतीय संगीताचा हा पायाभूत ग्रंथ एका वैद्याने लिहिला.

७/
वैद्याचा हात ग्रंथात दिसतोच. स्वरांकडे वळण्यापूर्वी शार्ङ्गदेव मानवी देहाचे वर्णन करतो: गर्भ कसा वाढतो, अवयव कसे घडतात, नाद देहात कोठून उठतो. गीताची थोरवी सांगताना तो पाळण्यातल्या रडत्या बाळाचा दाखला देतो. कोणत्याही विषयसुखाची ओळख नसलेले ते बाळ गाणे ऐकून आनंदित होते, असे तो म्हणतो. शिकवण, श्रद्धा किंवा संस्कार यांच्या आधीच स्वर माणसापर्यंत पोहोचतो, असा त्याचा आशय. पण रोगनिहाय रागांची यादी देणारा वैद्यकग्रंथ हा नव्हे. त्याच्या नावावर तसे दावे खपवणे हा त्याच्यावरच अन्याय आहे.

८/
या तिन्ही ग्रंथांतील रुग्ण जागा आहे, हे लक्षात घेण्याजोगे. मद्याने तो गुंगलेला असेल, पण त्याला ऐकू येते, भीती वाटते, तो ओरडतो. म्हणून त्याच्या मनाची सोय करावी लागते. ही परिस्थिती एकोणिसाव्या शतकात पालटली. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे विल्यम मॉर्टन याने ईथर देऊन शस्त्रक्रियेतील वेदना थांबवून दाखवली. पुढच्याच वर्षी कोलकात्यात ईथर वापरले गेले. १८४७ च्या नोव्हेंबरात एडिनबर्गच्या जेम्स सिम्पसन याने क्लोरोफॉर्म पुढे आणला.

९/
त्या आधीचे एक भारतीय प्रकरण थोडक्यात सांगण्याजोगे. १८४५ साली हुगळी येथे जेम्स एस्डेल हा स्कॉटिश शल्यचिकित्सक रुग्णांना संमोहनासारख्या अवस्थेत नेऊन गाठी काढू लागला. पुढे कोलकात्यात त्यासाठी रुग्णालयही निघाले. ईथर आणि क्लोरोफॉर्म येताच तो मार्ग मागे पडला, आणि ते योग्यच झाले. रसायनाचा परिणाम अधिक खात्रीचा होता. पण त्याबरोबर एक प्रश्नही मागे पडला. रुग्ण झोपलेलाच असेल, तर त्याच्या कानांचा आणि मनाचा विचार कोणी कशासाठी करावा?

१०/
हा प्रश्न शल्यचिकित्सकांनी सोडला, तेव्हा तो परिचर्येने उचलला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी शुश्रूषेवरील आपल्या पुस्तकात आवाजावर एक पूर्ण प्रकरण लिहिले. खोलीबाहेरची कुजबुज आणि अकस्मात होणारा खडखडाट रुग्णाला किती छळतो, हे त्यांनी बारकाईने सांगितले. संगीताबाबत त्यांचे निरीक्षण असे, की मानवी आवाज, फुंकून वाजवायची वाद्ये आणि अखंड सूर धरणारी तंतुवाद्ये रुग्णाला बरी वाटतात. पियानोसारख्या तुटक स्वरांच्या वाद्याचा परिणाम उलट होतो. हे प्रयोगाने सिद्ध केलेले मत नव्हते. तरी रुग्णाला काय ऐकू येते, हे कोणीतरी पाहू लागले होते.

११/
मग शस्त्रक्रियागृहातला रुग्ण पुन्हा जागा झाला, तोही भुलीच्याच प्रगतीमुळे. १८८४ साली कोकेनचा स्थानिक भुलीसाठी उपयोग कळला. १८९८ साली जर्मनीतील कील येथे ऑगस्ट बिअर याने मणक्यात औषध टोचून कमरेखालचा भाग बधिर केला. आता पोट किंवा पाय कापला जात असताना माणूस शुद्धीत राहू शकत होता. त्याला दुखत नव्हते, पण अवजारांचा आवाज येत होता. दिवे दिसत होते. डॉक्टरांचे बोलणे कानावर पडत होते. वेदना गेली तरी भीती उरली.

१२/
या भीतीवर ध्वनियंत्राचा उपाय करणारा डॉक्टर अमेरिकेत भेटतो. पेनसिल्व्हेनियातील इव्हान ओनील केन याने १९१४ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक छोटे पत्र लिहिले. शस्त्रक्रियागृहात फोनोग्राफ लावल्याने रुग्णाचे लक्ष भयावह प्रसंगावरून हटते, असा त्याचा अनुभव होता. टेबलावर पडलेल्या माणसाची अवस्था केनने पुढे स्वतः अनुभवली. १९२१ साली स्थानिक भूल घेऊन त्याने स्वतःचे अपेंडिक्स स्वतःच्या हातांनी काढले.

१३/
याच दशकांत मिरजेत काय चालले होते? विल्यम जेम्स वॉनलेस हे कॅनडात जन्मलेले डॉक्टर १८८९ साली प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे भारतात आले. १८९४ साली मिरजेचे रुग्णालय उभे राहिले. दक्षिण महाराष्ट्र आणि लगतच्या कानडी मुलखातून लोक तेथे शस्त्रक्रियेसाठी येऊ लागले. वॉनलेस यांना पुढे ‘सर’ ही पदवी मिळाली. १९२७ ला रेल्वे जोडली गेल्यावर सांगोला, जत रोड, कवठे महांकाळ ही स्थानके मिरजेच्या वाटेवरची झाली. आजही मिरज ही दवाखान्यांची नगरी म्हणूनच ओळखली जाते.

१४/
मिरजेचे दुसरे अंग वाद्यांचे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब शिकलगार यांनी येथे सतार आणि तंबोरे बनवण्याची परंपरा सुरू केली. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे. संस्थानी काळात तलवारीचे काम ओसरले, तेव्हा तेच कसब लाकूड आणि तारांकडे वळले. तंबोऱ्याला लागणारा भोपळा मिरजेत पिकत नाही; तो येतो पंढरपूरच्या परिसरातून, भीमेच्या काठावरून. म्हणजे या पट्ट्यात माणसे बरी होण्यासाठी मिरजेला जात आणि भोपळे तंबोरे होण्यासाठी. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

१५/
दवाखाना आणि गाणे यांची मिरजेतली सर्वांत ठळक गाठ एका मुलाच्या आयुष्यात पडली. १८७२ साली कुरुंदवाडला जन्मलेल्या विष्णू दिगंबर पलुसकरांच्या डोळ्यांना बालपणी, दत्तजयंतीच्या उत्सवात, फटाक्याने इजा झाली. उपचारांसाठी त्यांना मिरजेला आणले गेले. तेथील डॉक्टर भडभडे यांना दृष्टी पूर्ववत करता आली नाही; पण मुलाचा गळा त्यांच्या ध्यानात आला आणि त्यांनी गाणे शिकण्याचा सल्ला दिला. मिरजेतच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिक्षण सुरू झाले. १९०१ साली याच विष्णू दिगंबरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले.

१६/
मिरजेत आणखी एक कथा सांगितली जाते. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ प्लेगच्या साथीत आजारी पडले, मीरासाहेबांच्या दर्ग्यात बसून गायले आणि बरे झाले. खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांची कबर मिरजेत आहे आणि उरुसाला तेथे गाणे होते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ही कथा आख्यायिका म्हणूनच वाचावी. प्लेग सुराने जात नाही. पण मृत्यूची भीती समोर असताना माणूस कशाचा आधार शोधतो, याची नोंद म्हणून तिला मोल आहे. रोग बरा होणे आणि रोग्याला बरे वाटणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. या विषयातला बहुतेक गोंधळ त्या एक मानल्यामुळे होतो.

१७/
विष्णू दिगंबरांचे एक शिष्य पंडित नारायण मोरेश्वर खरे. ते गांधीजींच्या साबरमती आश्रमात गेले आणि तेथील प्रार्थनेचे संगीत त्यांनी घडवले. ‘आश्रम भजनावली’चे संकलन त्यांचेच. मिरजेच्या डॉक्टरांनी एका जखमी मुलाला गाण्याकडे वळवले. त्या मुलाचा शिष्य सकाळ-संध्याकाळ गांधीजींच्या कानांवर भजने घालू लागला. गांधीजींना रागदारीचे शास्त्र येत नव्हते. पण संगीताने मन शांत होते, हा त्यांचा अनुभव आश्रमापेक्षाही जुना होता.

१८/
तो अनुभव १० फेब्रुवारी १९०८ चा, जोहान्सबर्गचा. मीर आलम आणि त्याच्या साथीदारांनी गांधीजींना रस्त्यावर बेदम मारले. पाद्री जोसेफ डोक यांनी त्यांना आपल्या घरी नेले. डॉक्टरांनी ओठाला आणि गालाला टाके घातले आणि बोलण्यास मनाई केली. रात्री गांधीजींनी खुणेने एक इच्छा कळवली. डोक यांची लहान मुलगी ऑलिव्ह हिने ‘लीड, काइंडली लाइट’ हे प्रार्थनागीत म्हणावे. मुलगी दाराशी उभी राहून हलक्या आवाजात गायली. तो आवाज आपण विसरलो नाही, असे गांधीजींनी पुढे दक्षिण आफ्रिकेच्या इतिहासात लिहिले.

१९/
सोळा वर्षांनी गांधीजी पुन्हा एका खाटेवर होते, या वेळी पुण्यात. मार्च १९२२ मध्ये सहा वर्षांची शिक्षा होऊन ते येरवडा तुरुंगात आले होते. जानेवारी १९२४ मध्ये पोटात तीव्र वेदना सुरू झाल्या. १२ जानेवारीला त्यांना ससून रुग्णालयात हलवले गेले. निदान अपेंडिक्सचे होते आणि थांबायला वेळ नव्हता. कर्नल मॅडॉक शस्त्रक्रिया करणार होते. कैदी गांधी सरकारी डॉक्टरच्या हातून दगावले तर देशात काय होईल, याची जाणीव खोलीतल्या प्रत्येकाला होती. म्हणून श्रीनिवास शास्त्रींना बोलावून संमतीचे निवेदन तयार करण्यात आले.

२०/
गुडघे वर घेऊन, पेन्सिलीने, गांधीजींनी त्यावर सही केली. हात थरथरत होता. तो मॅडॉक यांना दाखवून त्यांनी त्याचीही थट्टा केली. मग भूल देऊन शस्त्रक्रिया सुरू झाली. बाहेर वादळ होते. मध्येच वीज गेली. परिचारिकेच्या हातातली विजेरीही विझली. अखेर कंदिलाच्या उजेडात काम पुरे झाले. ससूनमधील ते शस्त्रक्रियागृह पुढे स्मारक म्हणून जपले गेले. त्या रात्री तेथे संगीत नव्हते; होते ते कौशल्य, भूल आणि एक कंदील. हे स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे, कारण जीव वाचवला तो यांनीच.

२१/
संगीत आले ते त्यानंतर. जखम लवकर भरत नव्हती. अशक्तपणा मोठा होता. फेब्रुवारीच्या आरंभी बंगालचे गायक दिलीपकुमार राय ससूनमध्ये भेटीस आले. नाटककार द्विजेंद्रलाल राय यांचे हे चिरंजीव युरोपात शिकून आले होते आणि हिंदुस्थानी संगीताचा प्रसार करत फिरत होते. त्यांनी खाटेजवळ बसून मीरेची भजने म्हटली. त्या भेटीत संगीतावर बोलणेही झाले. गांधीजींनी ऑलिव्हच्या गाण्याची आठवण सांगितली: दुखापतीने पडून असताना त्या गाण्याने आपल्याला कसा आराम वाटला. संगीताविना भारताच्या धर्मजीवनाची कल्पनाच करता येत नाही, असेही ते म्हणाले. ५ फेब्रुवारीला त्यांची बिनशर्त सुटका झाली.

२२/
ससूनच्या या प्रसंगात कामाची वाटणी स्वच्छ दिसते. शस्त्रक्रियेतील वेदना भुलीने हाताळली. जंतू आणि जखम यांच्याशी डॉक्टर व परिचारिका लढले. उरलेले दिवस, म्हणजे अशक्तपणा आणि ठणका यांचे दिवस, सुसह्य करण्यात गाण्याचा हात होता. चरकाच्या यादीत औषधाच्या भांड्याशेजारी गायक होता, तो असाच. गाण्याने भांड्याची जागा घेतली नाही. पण हा झाला एका विलक्षण माणसाचा अनुभव. तो सर्वांना लागू आहे का, हे मोजल्याशिवाय कळणार नव्हते.

२३/
मोजण्याचा पहिला गाजलेला प्रयत्न दंतवैद्यकात झाला. १९६० साली बोस्टन परिसरातील दंतवैद्य वॉलेस गार्डनर आणि ध्वनीचे अभ्यासक लिकलायडर यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात वृत्तांत दिला. रुग्णाच्या कानाला हेडफोन. त्यात संगीत आणि धबधब्यासारखा घोष. आवाज वाढवण्याची कळ रुग्णाच्याच हाती. हजार रुग्णांपैकी बहुतेकांना दुसऱ्या भुलीची गरज भासली नाही, असा दावा होता. यंत्रे बाजारात आली. पण इतरांच्या हाती तसे परिणाम सातत्याने मिळेनात आणि तो उत्साह ओसरला.

२४/
का ओसरला, याचे उत्तर १९६३ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगातून मिळाले. नुसत्या आवाजाने वेदना फारशी कमी होत नव्हती. या आवाजाने आराम पडेल अशी ठाम सूचना सोबत असली, की माणूस वेदना अधिक वेळ सहन करी. दोनच वर्षांनी मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी वेदनेचा ‘द्वार’ सिद्धांत मांडला. जखमेकडून येणारा संदेश मज्जारज्जूत जणू एका दारातून जातो, आणि ते दार किती उघडे राहावे यावर मेंदूकडून येणाऱ्या संदेशांचाही ताबा असतो. लक्ष आणि भीती यांना वेदनेच्या शास्त्रात जागा मिळाली ती अशी.

२५/
त्यानंतर जगभर छोटे-छोटे प्रयोग होत राहिले. २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये लंडनच्या संशोधकांनी त्यांतील ७३ चाचण्यांचा, सुमारे ७,००० रुग्णांचा, एकत्र आढावा घेतला. शस्त्रक्रियेच्या आधी, दरम्यान किंवा नंतर संगीत ऐकलेल्यांना नंतरच्या वेदना कमी जाणवल्या, चिंता कमी झाली, वेदनाशामके कमी लागली. पूर्ण भुलीत असलेल्यांतही काही परिणाम दिसला. रुग्णालयातला मुक्काम मात्र कमी झाला नाही. विशिष्ट राग किंवा विशिष्ट रचना हवी, असे काही सिद्ध झाले नाही. रुग्णाने स्वतः निवडलेल्या संगीताचा परिणाम किंचित अधिक वाटला, पण तो फरक ठळक नव्हता.

२६/
अलीकडचा भारतीय दाखला दिल्लीचा आहे. मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालय आणि लोकनायक रुग्णालय येथे पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या ५६ रुग्णांवर अभ्यास झाला. तो २०२५ साली प्रसिद्ध झाला. सर्वांना पूर्ण भूल होती, सर्वांना हेडफोन होते. संगीत मात्र एकाच गटाला ऐकवले. बासरी किंवा पियानो ही निवड रुग्णाची. संगीत ऐकणाऱ्या गटाला भुलीचे औषध कमी लागले आणि ते शुद्धीवर अधिक शांतपणे आले. संख्या लहान आहे, म्हणून निष्कर्षही जपून वापरावा. पण झोपलेल्या रुग्णाच्या कानांचा विचार कशासाठी, या जुन्या प्रश्नाला हा एक प्रतिप्रश्न आहे.

२७/
ग्रामीण भागासाठी याचा अर्थ काय? तालुक्याच्या गावी होणारे सिझेरियन बहुधा मणक्यातल्या भुलीवर होते. बाई जागी असते. हिरव्या पडद्यापलीकडचे काही दिसत नाही, पण सारे ऐकू येते: ट्रेमध्ये पडणारी कात्री, यंत्राची टिकटिक, आपल्याबद्दलचे बोलणे. अशा वेळी साधा मोबाइल आणि हेडफोन यांचा खर्च नगण्य असतो. पथ्ये मात्र पाळावी लागतात. आवाज इतका हलका असावा, की भूलतज्ज्ञाची हाक ऐकू यावी. काय ऐकायचे ते रुग्णाने ठरवावे. शल्यचिकित्सकाची आवडती गाणी त्याच्यावर लादू नयेत. नको म्हणणाऱ्याला शांतता मिळावी.

२८/
हा इतिहास वाचताना दोन टोके टाळावी लागतात. एक, रागाने रोग बरा होतो असे सांगून रुग्णाला औषधापासून दूर नेणारे. दुसरे, भूल दिली की मनाचे काम संपले असे मानणारे. पहिल्याला उत्तर ससूनच्या कंदिलात आहे: त्या रात्री गांधीजींना शल्यचिकित्सकच हवा होता. दुसऱ्याला उत्तर जोहान्सबर्गच्या दाराशी उभ्या असलेल्या मुलीत आहे. टाके घालून झाले होते, डॉक्टर निघून गेले होते, आणि तरीही रुग्णाला काहीतरी हवे होते. ते काय, हे रुग्णाने स्वतः सांगितले. कोणीतरी त्याची खूण पाहिली आणि आवाज हलका ठेवला.

थ्रेड समाप्त.